मावळतीच्या खिडकीची ताटी

आमच्या घराच्या मावळतीच्या खिडकीला काय लावायचं, यावरून आमच्यात वरीसभर भांडण चाललं. ऐकणाऱ्याला हसू येईल. मला येत नाही.

घर नवीन आहे. पोरानं बांधलं. कडेगावच्या अलीकडं आमचं गाव, गावाच्या कडेनं डांबरी रस्ता, आणि तो रस्ता आमच्या मावळतीला. रस्त्यानं जाणाऱ्याला घर दिसलं पाहिजे, म्हणून घराचं तोंड तिकडं आणि सगळ्या काचाही तिकडं. हॉलला काच, जिन्याला काच, आणि शेवटच्या खोलीला तर भिंत कमी, काच जास्त. इंजिनेर म्हणाला, व्ह्यू मिळंल. व्ह्यू म्हणजे समोर आमचाच ऊस. तो मी जन्मभर बघत आलोय. तरी त्या टायमाला मलाही घर झकास दिसलं, खोटं कशाला सांगू.

त्या शेवटच्या खोलीत गेल्या उन्हाळ्यात माझी बायको पडून होती. मिरजेच्या दवाखान्यातनं तिला घरी आणली तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा, खाऊ वाटेल ते द्या. हे वाक्य ऐकलं की माणूस काय ते समजतो. खोलीला लागून संडास-मोरी होती, म्हणून तीच खोली तिला. दुपार कलली की ऊन काचेतनं सरळ तिच्या खाटेवर. पडदे नव्हते असं नाही. सुनेनं हौसेनं घेतलेले होते, डाळिंबी रंगाचे, खाली झालर. पण त्या पडद्याला दुपारी हात लावला तर तव्याला लावल्यासारखा वाटायचा. काच तापायची, पडदा तापायचा, आणि दोघांच्या मधली धग खोलीत उतरायची.

एसी होता. लावला की म्हणायची, "आवं, बंद करा, वारं सुईवानी टोचतंय हाडात." बंद केला की घामानं उशी भिजायची. मग परत लावा. दिवसभर हेच. आणि एसीनं तरी काय करावं? तो एकीकडनं गार करायचा आणि काच दुसरीकडनं भट्टी पेटवायची. मीटर गरागरा फिरायचा. बिल आलं की पोरगं दोन दिवस घरात कुणाशी धड बोलायचं नाही.

एक दिवस दुपारी ती डोळ्यावर हात घेऊन म्हणाली, "आवं, त्या खिडकीला भाईरनं ताटी बांधा की."

आता हा शब्द नीट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही, कारण सगळं त्या शब्दावरच नासलं.

बांबू उभे-आडवे बांधायचे, त्यात उसाचं वाळलेलं पाचट दाबून भरायचं, आणि ते उन्हाच्या तोंडाला बांधून टाकायचं. गोठ्याला लावतात, रानातल्या खोपीला लावतात. तिचं माहेर जतच्या बाजूला. तिकडं त्याला ताटी म्हणतात. आमच्या गावात त्याला झाप म्हणतात. आणि आमच्या गावात ताटी म्हणजे मेलेल्या माणसाला ज्यावर बांधून नेतात ती. तिच्या माहेरी तिला तिरडी म्हणतात, ताटी कुणी म्हणत नाही.

लग्न होऊन नुकतीच आली होती. माझा बाप चार माणसांत ओसरीवर जेवायला बसलेला. ही दाराआडनं म्हणाली, "मामंजी, सांच्याला मोकळं असशीला तर ताटी बांधून घेऊया. ऊन लागतंय."

बापाचा घास हातातच राहिला. "कुनाची गं?"

"म्हशीची," ही म्हणाली.

आई चुलीपासनं ओरडली, "अंगाची हळद निघाली न्हाई तंवर सासऱ्याची ताटी बांधाय निघाली बया!" ओसरी हसून हसून लोळली. पुढं कितीतरी वर्षं गावातले लोक बापाला रस्त्यात धरून विचारायचे, "काय, झाली का ताटी बांधून?" बाप म्हणायचा, "तुझीच बांधतोय, ये माप द्यायला." ही पदराआड हसायची, पण शब्द काही बदलला नाही. मी किती वेळा म्हटलं, झाप म्हण. म्हणायची, "झाप म्हंजी दार. ही ताटी. तुमच्या गावाला बोलता येत न्हाई त्याला मी काय करू?"

मी चौथी शिकून पलटणीत गेलो. राजस्थानात ड्युटी होती तेव्हा साहेबाच्या ऑफिसला वाळ्याची तीच वस्तू लावलेली असायची, वरनं पाणी मारायचं की आत गारवा. तिकडच्या हवालदारानं पहिल्या दिवशी हुकूम सोडला, "जाओ, टट्टी को पानी मारो." आम्ही सातारा-सांगलीची पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिलो. एक जण तर खरंच डबा घेऊन संडासाकडं निघाला. सुट्टीवर आल्यावर हिला सांगितलं. पोट धरून हसली. म्हणाली, "त्यांच्यात घान, तुमच्यात मढं. माझंच बरं हाय मग."

एवढं हसलेला शब्द आहे हा आमच्या घरात. आणि तोच गेल्या उन्हाळ्यात आडवा आला.

माझी थोरली बहीण रहिमतपूरजवळ दिलेली. आम्ही तिला आक्का म्हणतो. हिची सेवा करायला म्हणून ती येऊन राहिली होती. तिनं केलं, ते मी नाकारत नाही. अंग पुसलं, पेज भरवली, रात्री जागली. पण त्या दुपारी तिनं ताटी शब्द ऐकला आणि हातातला पेला तसाच खाली ठेवून मला बाहेर ओढत नेलं.

"काय म्हनली ती?"

"खिडकीला ताटी बांधा म्हनली."

"गप! परत त्यो शबुद ह्या घरात काडू नगंस. आजारी मानसाच्या तोंडातनं आलाय."

"आगं आक्का, झाप म्हनायचं हाय तिला. तिच्या माहेरी..."

"मग झाप म्हनू दे की. ताटी का म्हनली?"

मी परत आत गेलो. तिच्या उशाला बसून म्हटलं, "तू एकदा झाप म्हण. आत्ता बांधतो." तिनं डोळे मिटले. ओठाच्या कोपऱ्यात हसली. "जल्मात म्हनलं न्हाई. आता म्हनू व्हय?"

तिला म्हणायची गरज काय होती? मी उठलो आणि बांबू आणले. अंगणात टाकले, काथ्या भिजत घातला, पाचट आणायला गडी रानात पाठवला. एवढ्यात रस्त्यावरनं भावकीतला एक सायकलवरनं चालला होता. त्यानं अंगणातले बांबू बघितले. सायकल स्टँडला लावली, डोक्याची टोपी काढून हातात घेतली आणि खाली मान घालून माझ्यापुढं येऊन उभा राहिला.

"कवा झालं?"

"काय कवा झालं?"

"वैनी..."

"वैनी चा पितीया आत! जित्ती हाय ती! घाल ती टोपी डोस्क्यावर आनि नीघ!"

तो सायकल विसरून चालतच गेला. पण आक्कानं दारातनं सगळं बघितलं होतं. तोंडाला पदर लावून उभी होती. दुसऱ्या दिवशी मी औषधं आणायला मिरजेला गेलो. परत आलो तर अंगण झाडून लख्ख. बांबू नाहीत, काथ्या नाही, पाचट नाही.

"बांबू कुठं गेलं?"

"शेजाऱ्याला दिलं. टोमॅटोला पायजे हुतं त्याला."

माझ्या बायकोच्या डोक्यावरची सावली टोमॅटोला दिली. मी आक्काला काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. पोरगं मध्ये पडलं. "आण्णा, आत्याचं बरोबर हाय. बघनाऱ्याला कसं दिसतंय ते? मी जाडा पडदा आनतो." सून म्हणाली, "आई बऱ्या झाल्या की बांधा की आण्णा." बऱ्या झाल्या की! बरी असती तर तिला ताटी कशाला लागली असती?

पोरानं जाडा पडदा आणला. तोही आतनंच लावला, तोही डाळिंबी. आधीच्याला मॅचिंग. मी दुसरे बांबू आणेपर्यंत तिला धाप लागली आणि परत मिरजेला न्यावी लागली. तिथनं ती जिती परत आली नाही.

वैशाखात गेली. त्या दिवशी अंगणात बांबू आले. कुणी आणले मला माहीत नाही. चार जण उकिडवे बसून बांधत होते आणि त्यातला एक मोठ्यानं ओरडत होता, "ताटी आवळ रं नीट, ताटी ढिली ऱ्हायली!" सगळ्या अंगणानं ऐकलं. आक्कानंही ऐकलं. कुणी कुणाच्या तोंडावर हात ठेवला नाही. त्या दिवशी तो शब्द चालला.

त्यानंतर मी त्या खोलीत झोपायला लागलो. पोरगं नको म्हणत होतं. मी ऐकलं नाही. त्या खिडकीचं ऊन मला अंगावर घ्यायचं होतं, एवढंच.

यंदा फाल्गुन सरता सरता पोरानं ठरवलं की घराच्या सगळ्या खिडक्यांचे पडदे बदलायचे. मोबाईलवर बघितलं म्हणे. योग्य पडदा लावला की खोली कमी तापते, एसीला कमी जोर लागतो, लाईट बिल उतरतं. आता कळलं. मला म्हणाला, "आण्णा, चला सांगलीला. तुमच्या खोलीचा तुमी निवडा." मला माहीत होतं, म्हातारं दिवसभर भिंतीकडं बघत बसतंय, तेवढाच त्याला विरंगुळा म्हणून नेत होता. तरी गेलो.

दुकान गार होतं. पोऱ्यासारखा दिसणारा दुकानदार, पण बोलायला चलाख. "या काका, बसा. कुठल्या दिशेच्या खिडक्या?"

"मावळतीच्या."

"मग काका तुमाला उन्हाचं कापड लागतंय, शोचं न्हाई." त्यानं टेबलावर एक मोठा दिवा लावून ठेवला होता. दिव्यापुढं आधी एक गडद पडदा धरला. "हात लावा मागनं." लावला. गरम. मग दुसरा धरला, त्याची पाठ पांढरीशुभ्र, रबरासारखी. "आता लावा." कोमट. "ही पांढरी बाजू काचेकडं करायची. ऊन आल्या पावली परत जातंय. गडद रंग ऊन पितोय, म्हनून खोलीत धग उतरतीया. पडदा भिंतीला चिकटून, वरनं-खालनं फट न ठेवता लावायचा. बघा, एसी कमी चालतोय का न्हाई."

मी परत हात लावला. खरंच कोमट होता. माणूस खोटं बोलत नव्हता. मी विचारलं, "हे कापड गेल्या साली हुतं का?"

"गेल्या साली? काका, हे कवापासनंच हाय की. आमच्याकडं लय वर्षं हाय."

मी उठलो आणि दुकानाबाहेर जाऊन गाडीला टेकून उभा राहिलो. लय वर्षं आहे. सांगलीत आहे. आमच्या गावापासनं सांगली काय काशी आहे? गेल्या उन्हाळ्यात पोरगं ह्याच पेठेतनं डाळिंबी पडदा घेऊन आलं होतं, ह्याच रस्त्यानं. तिथं पांढऱ्या पाठीचं कापड ठाणानं पडलेलं होतं आणि ह्यानं मॅचिंग बघितलं.

पोरगं मागनं आलं. "आण्णा, काय झालं?"

"काय झालं न्हाई. तुझ्या खोल्यांना घे. त्या खोलीला काय घेऊ नगंस."

"त्याच खोलीला तर जास्त लागतंय."

"त्या खोलीला मी ताटी बांधनार हाय."

पोरानं इकडं तिकडं बघितलं, पेठेत कुणी ऐकलं का म्हणून. "आण्णा, भाईरनंच पायजे तर बांबूचं चिक मिळतंय हितं. रेडिमेड. दोरी ओढली की वर जातंय. दिसायला बी बरं."

"दिसायला बरं नको मला."

"आण्णा, आत्या येनार हाय वर्षश्राद्धाला. निदान तिच्यासमोर तरी... झाप म्हना की. काय बिगडतंय?"

त्यानं वाईट मनानं सांगितलं नव्हतं, हे मला आता कळतं. पण पेठेत, भर उन्हात, मी त्याच्यावर ओरडलो. "तुझ्या आईनं जल्मभर एका शब्दासाठी मार खाल्ला न्हाई पर टोमणं खाल्लं. मरायला टेकली तरी तिनं त्यो बदलला न्हाई. आनि मी बदलू? माझ्या घरात, माझ्या खिडकीला, ताटी लागंल आनि ताटी म्हनूनच लागंल. तुला नसंल बगवत तर डोळ्याला लाव तुझा पडदा!"

बाया थांबून बघत होत्या. पोरगं मागं वळलं. आत गेलं, बाकीच्या खिडक्यांची मापं दिली आणि आलं.

म्हणून सांगतो, मला त्या खिडकीवर दुसरं काही नको होतं. बिल उतरायचं तर उतरू दे, चढायचं तर चढू दे. तिनं मागितलेली वस्तू, तिनं घेतलेल्या नावानं, त्या जागी लागली पाहिजे. आणि ज्यांनी ती लावू दिली नाही त्यांनी ती बघितली पाहिजे.

बांबू मीच आणले. पोराला हात लावू दिला नाही. गुडघे कुरकुरत होते. काथ्या ओढताना बोटं सोलली, पूर्वी सोलायची नाहीत. रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. एक ट्रॅक्टरवाला म्हणाला, "आण्णा, बंगल्यात ऊसतोडीची टोळी उतरली का काय?"

"व्हय. मुकादमाची जागा खाली हाय, येतोस?"

दुसऱ्यानं विचारलं, "झाप चाललंय व्हय?"

"ताटी चाललीया."

त्याचं तोंड उतरलं. "आसं नका बोलू आण्णा भरल्या घरात."

"भरलेलं कुठं हाय घर? बग की आत येऊन."

तो गेला. सून जिन्याच्या पायरीवर उभी राहून ऐकत होती. ती साताऱ्यात वाढलेली, तिला आमचं बोलणं जाडंभरडं वाटतं. मला वाटलं आता ही काही बोलणार. पण पाचट भरताना एक बाजू सारखी निसटत होती, तर ती खाली आली आणि तेवढी बाजू दाबून धरली. हाताला पाचट कापलं तरी सोडली नाही. ताटी बाहेरनं खिडकीच्या वर तारेनं अडकवली, खाली दोन दगडांवर टेकवली. वारं आत यावं म्हणून काचेपासनं हातभर लांब ठेवली.

आता जे झालं ते नीट सांगतो.

दुपार कलली. ऊन ताटीवर आलं. मी आत खाटेवर बसलो. बसून वाट बघत होतो, खोली कधी तापते त्याची. तापली नाही. काचेला हात लावला. तापलेली नव्हती. पडदा बाजूला सारलेला, काच उघडी, आणि पाचटातनं येणारं वारं अंगाला लागत होतं. एसी बंद होता. पंखा हळू होता. खोली गार होती.

मला वाटलं होतं बरं वाटेल. तोंडावर मारली सगळ्यांच्या, असं वाटेल. तसं काही झालं नाही. माझ्या अंगाची आग झाली. तेव्हा मला कळलं की आतल्या आत मी उलटंच मागत होतो. ताटी बांधूनही खोली तापावी. म्हणजे मग काही बिघडलं नव्हतं असं म्हणता आलं असतं. तिनं उगाच हट्ट केला, आम्ही उगाच भांडलो, ऊन तर कशानंच थांबलं नसतं, असं म्हणून मला गप बसता आलं असतं. पण खोली गार पडली. म्हणजे तीही ह्या गारव्यात पडून राहिली असती. जगली असती असं मी म्हणत नाही, तेवढा खुळा नाही मी. पण घामानं उशी न भिजता गेली असती. हाडात सुया न टोचता गेली असती. एवढं तिला मिळण्यासारखं होतं, अंगणात पडलेलं होतं, आणि ते टोमॅटोला गेलं.

सून चहा घेऊन आली. दारातच म्हणाली, "किती गार वाटतंय आण्णा हितं!" मी कप घेतला नाही. म्हटलं, "जा तू." ती गेली. तिची काही चूक नव्हती.

पोरानं बाकीच्या खिडक्यांना पांढऱ्या पाठीचे पडदे लावले. त्या खोल्यांतही फरक पडला, हे मी मान्य करतो. पुढचं बिल आल्यावर त्याचं तोंड उजळलं. मला कागद दाखवायला आला होता. मी म्हटलं, चष्मा नाही. चष्मा डोळ्यावरच होता.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी आक्का आली. एसटीनं, भर दुपारी, उन्हानं लाल झालेली. वाटेत तिला चक्कर आल्यासारखं झालं म्हणे. सुनेनं तिला प्यायला, पाय धुवायला पाणी दिलं. मी रानात होतो. परत आलो तर हॉलमध्ये तिची पिशवी, ती नाही.

"आक्का कुठं हाय?"

सुनेनं मान खाली घातली. "त्या हिंडत हिंडत आईंच्या खोलीत गेल्या. खाटेवर टेकल्या आनि तितंच डोळा लागला. मी उठवलं न्हाई."

मी दारात जाऊन उभा राहिलो. आक्का कुशीवर झोपली होती. तोंड थोडं उघडं, हलकी घोरत होती. चेहऱ्यावरची लाली गेलेली. ताटीतनं उन्हाचे बारीक कण तिच्या लुगड्यावर पडले होते, बाकी सगळी सावली. वारं येत होतं. इतकी गाढ झोपलेली मी तिला कधी बघितली नव्हती.

त्याच जागेवर. त्याच उशीवर.

मी तिथं किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. मग आत गेलो आणि खाटेचा पाय हलवला.

"ऊठ."

"आं? काय झालं रं? चा झाला?"

"ऊठ. हितं झोपू नगंस."

"का रं? लय दिसांनी डोळा लागला बग. लय गार हाय हितं."

"गार हाय म्हनूनच ऊठ."

ती उठून बसली. पदर सारखा केला. माझ्याकडं बघितलं, मग खिडकीकडं बघितलं. आणि हळूच म्हणाली, "ताटी बांधलीस व्हय."

झाप नाही म्हणाली. माझ्या बहिणीच्या तोंडनं खिडकीसाठी तो शब्द निघाला. वरीसभर मी त्याचीच वाट बघत होतो. ती म्हणेल, मग मी असं बोलेन, मग तसं बोलेन, सगळं मनात घोकून ठेवलं होतं. तोंडातनं एवढंच आलं, "व्हय. ताटी."

"मला भ्या वाटलं हुतं रं," ती म्हणाली. "तिच्या तोंडनं त्यो शबुद ऐकला. मला वाटलं बांबू घालवलं की टळंल."

"तिला उकडत हुतं आक्का."

"व्हय."

"भ्या तुला वाटलं. उकडत तिला हुतं."

तिनं डोळे पुसले नाहीत, नाटक केलं नाही. आधाराला माझा हात मागितला नाही, मीही दिला नाही. खाटेच्या कडेला धरून उठली, उशी परत जागेवर ठेवली, चादरीवरची सुरकुती हातानं सरळ केली आणि हॉलमध्ये गेली. तिथं नवे पडदे होते तरी दुपारची धग होतीच. जमिनीवर चटई टाकून आडवी झाली.

मला थांब म्हणता आलं असतं. नाही म्हटलं.

थोड्या वेळानं तिचा आवाज आला, "पानी तरी दे रं वाईच."

मी तांब्या भरून नेला आणि तिच्या उशाला आदळला. अर्धं पाणी चटईवर सांडलं. तिनं राहिलेलं प्यायलं.